जुन्या जीपच्या पुढच्या नकलमध्ये काय भरायचं? ग्रीस की गिअर ऑइल?

भोरचा_जीपवाला
नमस्कार मंडळी. बाबांनी १९८४ साली एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतलेली महिंद्राची सीजे-३बी आमच्याकडे आहे. १९६७ ची गाडी, पेट्रोल इंजिन मूळचंच, फोर बाय फोर चालू अवस्थेत. बाबा गेल्यावर दोन वर्षं ती गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी होती. आता ती रस्त्यावर आणतोय.

अडचण पुढच्या एक्सलची आहे. उजव्या चाकाच्या मागे जो मोठा गोल गोळा आहे (नकल, ज्यात चाक वळतं तो भाग), तिथून काळपट पातळ तेल गळतंय आणि टायरच्या आतल्या बाजूवर पसरतंय. तीन मेस्त्रींना दाखवली. पहिले म्हणाले, "एपी-३ ग्रीस ठासून भर, गळायचं नाव घेणार नाही." दुसरे म्हणाले, "ग्रीस भरलंस तर जॉइंट खाशील, १४० नंबरचं ऑइल टाक." तिसऱ्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "पुढचा गिअर कशाला वापरतोस? शाफ्टच काढून ठेव."

शाफ्ट काढणार नाही. बाबांनी याच पुढच्या गिअरवर वरंध्याच्या चिखलातून ट्रॅक्टर ओढलाय. मला फक्त एवढंच कळायला हवंय, की त्या गोळ्यात नक्की काय भरायचं?

रानवाट
वाचतोय. माझ्याही जीपचं हेच दुखणं आहे.

तेलकट_हात
भाऊ, आधी एक गोष्ट वेगळी करून घेऊ. पुढच्या एक्सलमध्ये वंगणाच्या तीन जागा आहेत आणि तिन्हींचं खाणं वेगळं आहे.

मधला भोपळा, म्हणजे डिफरन्शियल. तिथे क्राऊन-पिनियन हायपॉइड आहे, दाते एकमेकांवर घासत सरकतात. तिथे ९० नंबरचं हायपॉइड गिअर ऑइल. तुमच्या गाडीत डाना २५ एक्सल असणार, त्यात साधारण १.२ लिटर बसतं. त्याबद्दल वाद नाही.

दुसरी जागा चाकाच्या हबमधली बेअरिंगं. तिथे घट्ट ग्रीस, हाताने दाबून भरलेलं. तुमच्या पहिल्या मेस्त्रींचं एपी-३ तिथे शोभतं.

तिसरी जागा म्हणजे तुमचा गोळा. त्याच्या आत एक्सल शाफ्टचा जॉइंट फिरतो, वर आणि खाली किंगपिनची (ज्या खुंटांवर चाक वळतं त्यांची) बेअरिंगं आहेत आणि बाहेरच्या टोकाला स्पिंडलमध्ये पितळी बुश आहे. या सगळ्यांना एकाच वंगणातून वाटा मिळायला हवा. घट्ट ग्रीस ठासलं, तर जॉइंट फिरताना ते बाजूला फेकतो, ते भिंतीला चिकटून बसतं आणि परत खाली येत नाही. आत जॉइंटच्या मापाची पोकळी तयार होते आणि जॉइंट कोरडाच फिरत राहतो. बुशपर्यंत तर काहीच पोचत नाही. उलट निव्वळ तेल भरलं, तर सगळ्यांना मिळतं, पण बाहेरचं सील म्हणजे नमद्याची आणि रबराची पट्टी. ती तेल रोखायला केलेलीच नाही.

म्हणून तिथे लागतं मधलं काहीतरी, ओघळणारं ग्रीस. दह्यासारखं म्हणा. श्रीखंडासारखं नको आणि ताकासारखंही नको.

जिप्सीप्रेमी
तेलकट_हात यांच्याशी असहमत. माझी जिप्सी १९९८ ची आहे. दोन्ही नकलमध्ये दर वेळी नंबर २ चं मॉलिब्डेनमवालं लिथियम ग्रीस भरतो. पोकळी वगैरे काही होत नाही. आजवर जॉइंट बदलावा लागलेला नाही आणि थेंबभर गळती नाही. उगाच दही-ताक कशाला?

तेलकट_हात
जिप्सीप्रेमी, तुम्ही बरोबर करताय, पण तुमच्या गाडीसाठी. जिप्सीच्या नकलमध्ये पिंजऱ्यात सहा पोलादी गोळ्या असलेला बंद घडणीचा जॉइंट आहे. भरताना ग्रीस त्याच्या पोटात हाताने दाबलं जातं आणि ते तिथेच राहतं. जुन्या टोयोटा लँड क्रूझरचंही तसंच आहे.

जुन्या जीपमध्ये मात्र आत काय निघेल ते उघडल्याशिवाय सांगता येत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्येच चार प्रकारचे जॉइंट लागत होते: बेंडिक्स, रझेप्पा, स्पायसर आणि ट्रॅक्टा. स्पायसर म्हणजे प्रोपेलर शाफ्टला असतो तसा साधा क्रॉस. बेंडिक्समध्ये गोळ्या असतात पण पिंजरा नसतो, त्या खोबणीतून उघड्याच धावतात. त्यांना वंगण सतत वाहत परत यायलाच हवं.

भोरकर, उघडाल तेव्हा लक्षात ठेवा: बेंडिक्स निघाला तर पूर्ण शाफ्ट एकत्र बाहेर काढा. नुसतं बाहेरचं टोक ओढलं, तर गोळ्या भोरच्या बाजारात शोधाव्या लागतील.

लीड्सकर
मी इंग्लंडमध्ये असतो, १९७४ ची लँड रोव्हर सिरीज ३ आहे. इकडचा अनुभव सांगतो, कारण आमच्याकडे हाच वाद गेली कित्येक वर्षं चालू आहे.

सिरीज लँड रोव्हरच्या गोळ्यात कंपनी ईपी (म्हणजे जबर दाब सोसणारं) ९० गिअर ऑइलच सांगायची. एका बाजूला साधारण अर्धा लिटर. पण आमचा गोळा बाहेरून क्रोमचा मुलामा दिलेला गुळगुळीत असतो आणि त्यावर ओठ असलेलं रबरी सील बसतं. तो चकचकीत आहे तोवर तेल टिकतं. हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात. ते क्रोम खातं, खड्डे पडतात आणि मग सील कितीही नवं घाला, गळणारच. शेवटी लँड रोव्हरनेच पाकिटातून अर्धवट पातळ ग्रीस द्यायला सुरुवात केली. एका गोळ्यात एक पाकीट पिळायचं. त्याने माझी गळती थांबली. म्हणजे ज्यांनी आयुष्यभर तेल सांगितलं, तेसुद्धा शेवटी तेलकट_हात यांच्या दह्यापाशी आले.

आजीचा_नातू
आमच्या आजोबांची जीप अंगणात उभी असायची आणि तिच्या पुढच्या चाकाखाली कायम एक काळा ठिपका. आजी रोज सकाळी सडा घालताना तेवढी जागा सोडून घालायची आणि म्हणायची, "हिला बारमाही सर्दी." आज कळलं सर्दी कुठून येत होती!

मीठमिरची
लीड्सकर, मीठ आमच्याकडेही आहे की! दापोलीकडे किनाऱ्यावर गाडी नेणाऱ्यांनी घरी आल्यावर गोड्या पाण्याने गोळा धुवावा, पुसून कोरडा करावा आणि वरून ग्रीसचा पातळ हात फिरवावा. माझ्या डाव्या गोळ्याला बाहेरून खड्डे पडलेत. पॉलिश पेपरने घासून बघितलं, पण खोल खड्डे जात नाहीत. एका ओळखीच्या टर्नरने वेल्डिंग भरून घासून दिलं, ते चाललं.

वंगणशास्त्री
मी २६ वर्षं एका वंगण प्रयोगशाळेत काम केलं, आता निवृत्त. जरा सविस्तर लिहितो, कारण "घट्ट" आणि "पातळ" या शब्दांवर दुकानात फसगत होते.

ग्रीस म्हणजे तेल आणि त्याला धरून ठेवणारा साबण. साबण म्हणजे लिथियम, कॅल्शियम वगैरे धातूंचा. स्पंजात पाणी असतं तसं साबणाच्या जाळ्यात तेल असतं. दाब आणि उष्णता मिळाली की थोडं तेल सुटतं आणि तेच वंगण करतं. ग्रीस किती घट्ट आहे हे एनएलजीआय आकड्यावरून ठरतं. ठरावीक वजनाचा शंकू २५ अंश सेल्सिअसला ग्रीसमध्ये सोडतात आणि तो किती रुतला ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात. नंबर २ मध्ये तो २६५ ते २९५ रुततो. नंबर ० मध्ये ३५५ ते ३८५. नंबर ०० मध्ये ४०० ते ४३०. म्हणजे शून्यं वाढली की ग्रीस पातळ. एपी-३ मधला ३ हा नंबर २ च्याही वरचा, आणखी घट्ट. तो गोळ्यात भरणं म्हणजे नळाला मेण लावून पाणी यायची वाट बघणं.

भोरकरांना माझं उत्तर: लिथियम साबणाचं, ईपी गुण असलेलं, नंबर ० किंवा ००. आपल्याकडच्या उष्णतेत आणि जुन्या सीलसाठी आधी ० वापरून बघा.

आणि एक कळकळीची विनंती. जुनं ग्रीस पूर्ण काढल्याशिवाय नवं भरू नका. वेगवेगळ्या साबणांची ग्रीसं एकत्र आली की काही वेळा जाळंच मोडतं आणि सगळं मिश्रण पातळ होऊन वाहून जातं. मग माणूस म्हणतो सील खराब, आणि दोष असतो मिश्रणाचा. जुन्या चासिस ग्रीसमध्ये कॅल्शियमचा साबण असायचा. ते पाण्याला छान टिकतं, पण शंभर अंशांच्या आसपास वितळतं. लिथियमचं त्याहून बरंच उशिरा, १८० च्या पुढे.

वडापवाला
साहेब, तुमचं शास्त्र बरोबर असंल. पण आमच्या वडलांनी कराडात पंचवीस वर्षं जीपा चालवल्या. वडापाच्या गाड्यांना पुढचा गिअर नसायचा, पण साखर कारखान्याच्या शेतकी खात्याला दिलेली एक फोर बाय फोर होती आमची. तिच्या गोळ्यात वडील अर्धं एपी-३ आणि अर्धं ९० नंबर, पत्र्याच्या डब्यात लाकडी दांड्यानं घोटून भरायचे. उसाच्या फडात, गुडघाभर चिखलात. जॉइंट कधी गेला नाही. शून्य नंबरचं ग्रीस तवा कुणी बघितलंवतं?

वंगणशास्त्री
वडापवाला, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. जे मिळत नव्हतं ते त्यांनी घडवलं, आणि दिशा अचूक होती. ते जे घोटत होते ते जवळपास नंबर ० च.

फरक एवढाच, की डब्यात मिसळलेलं तेल साबणाच्या जाळ्यात नीट धरलं जात नाही. गाडी उभी राहिली की ते हळूहळू सुटतं, खाली बसतं आणि झिरपतं. तुमची गाडी रोज चालत होती, म्हणून ते रोज पुन्हा घोटलं जात होतं. भोरकरांची गाडी आठवड्यातून एकदा निघणार. तिथे तयार घोटलेलं बरं.

वडापवाला
ह्ये पटलं. वडील पण दर महिन्याला प्लग खोलून वरून थोडं घालायचे.

रानवाट
नंबर ० ग्रीस मिळतं कुठे? आमच्या तालुक्याच्या दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, शून्य नंबर म्हणजे ग्रीसच नाही.

तेलकट_हात
ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळत नाही, औद्योगिक वंगणाच्या विक्रेत्याकडे मिळतं. मोठ्या ट्रक-बसमधल्या आपोआप ग्रीस देणाऱ्या यंत्रणेत ०० आणि ००० वापरतात, कारखान्यांत बंद गिअरबॉक्सलाही लागतं. एमआयडीसी जवळ असेल तिथे चौकशी करा. बादली घ्यावी लागते ही खरी अडचण. चार जीपवाले मिळून घ्या.

पितळखोरा
वर स्पिंडलच्या पितळी बुशचा उल्लेख आला म्हणून विचारतो. जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल पितळ खातं म्हणतात. मग डिफरन्शियलमध्ये जीएल-५ घालायचं की जीएल-४?

तेलकट_हात
डिफरन्शियलमध्ये जीएल-५ खुशाल घाला. तिथे पितळ नाही आणि हायपॉइड दात्यांना त्यातल्या गंधक-फॉस्फरसची गरज आहे. जीएल-४ जपायचं ते गिअरबॉक्ससाठी. या जीपच्या टी-९० गिअरबॉक्सच्या सिंक्रोनायझर रिंगा (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या) पितळी आहेत. एकच डबा घेऊन सगळीकडे ओतायची सवय आपल्या गॅरेजांत आहे, आणि मग दोन वर्षांनी दुसरा गिअर पडताना किरकिरतो.

वंगणशास्त्री
भर घालतो. गंधकाची पितळाशी रासायनिक क्रिया तापमानावर अवलंबून असते आणि आजच्या ऑइलमधली द्रव्यं पूर्वीपेक्षा सौम्य आहेत. तरीही जीएल-४ मिळत असताना सिंक्रोवर प्रयोग करू नये.

द्राक्षबाग
मी दिंडोरीजवळ राहते, सासऱ्यांची जीप बागेत फवारणीचं पाणी ओढायला वापरतो. सगळे वंगणाबद्दल बोलताय, पण भोरकरांच्या पहिल्या पोस्टमध्ये एक शब्द आहे: "काळपट पातळ तेल". गोळ्यात कुणी ग्रीस भरलं असेल, तर पातळ तेल आलं कुठून?

आमच्याकडेही असंच झालं होतं. दोनदा बाहेरची नमद्याची सीलं बदलली, दोनदा पैसे वाया गेले. मग डिफरन्शियलची पातळी बघितली, तर ऑइल बोट बुडेल इतकंही नव्हतं. ते आतून एक्सलच्या नळीतून गोळ्यात येत होतं, ग्रीस पातळ करत होतं आणि मग दोन्ही मिळून बाहेर. आतलं सील गेलेलं. आणि ते जाण्याचं कारण एक्सलवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करायची छोटी वाट. त्याच्यात मातीचा गोळा बसला होता. डिफरन्शियल तापलं की आतली हवा फुगते, वर वाट नसली की ती तेलाला सीलवरून ढकलते. ब्रीदर सुईने मोकळा केला, आतलं सील बदललं, तेव्हा कुठे थांबलं.

उलटही होतं. गरम एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर बंद असेल तर सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. चहाच्या रंगाचं ऑइल निघालं तर हेच समजा.

तेलकट_हात
द्राक्षबाग ताई, हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. भोरकर, भोपळ्याचा प्लग उघडा आणि बोट घालून बघा. मग पुढचं बोलू.

भोरचा_जीपवाला
आत्ता टॉर्च घेऊन जाऊन आलो. बोट दुसऱ्या पेरापर्यंत घातलं, कोरडंच. ब्रीदर सापडायलाच दहा मिनिटं लागली, इतका चिखलाने लिंपलेला.

जिप्सीप्रेमी
द्राक्षबाग +१. मी वंगणाच्या नंबरावर भांडत बसलो आणि मूळ प्रश्न सीलचा निघाला.

खडकवाट
धाग्याला जरा फाटा फोडतो, माफ करा. सीजे-३बी चं बॉनेट इतकं उंच का असतं माहीत आहे का? आधीच्या जीपच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह बाजूला होते. नव्या हरिकेन इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह वर गेला, इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेट वर उचललं. अमेरिकेतल्या विलीज कंपनीची ही गाडी तिकडे १९५३ ते १९६८ बनत होती. मुंबईत महिंद्राने १९४७ मध्ये विलीज जीप आणायला सुरुवात केली होती, आणि तिकडे ३बी बंद झाल्यावरही इकडे तिचा वंश कितीतरी वर्षं चालू राहिला. म्हणून जगभरातले ३बी वाले आजही सुट्या भागांसाठी आपल्याकडे बघतात.

लीड्सकर
अगदी खरं. इथल्या एका मेळाव्यात एका वृद्ध गृहस्थांच्या जीपवर देवनागरीत नंबर रंगवलेला होता. त्यांना तो वाचता येत नव्हता, पण पुसायचाही नव्हता. मी वाचून दाखवला तर डोळे भरून आले त्यांचे.

भोरचा_जीपवाला
तीन रविवार गेले. आता सगळं सांगतो.

पहिल्या रविवारी उजवी बाजू खोलली. पहिल्या मेस्त्रींना घेऊन बसलो होतो, त्यांना धागा वाचून दाखवला. त्यांनी मन लावून ऐकलं आणि नंतर सगळं त्यांच्याच हाताने केलं. गोळ्यातून जे निघालं ते ग्रीसही नव्हतं आणि तेलही नव्हतं, डांबरासारखा चिकट पदार्थ, गंधकाचा वास येणारा. म्हणजे डिफरन्शियलचंच ऑइल. दोन लिटर डिझेलने धुतलं. जॉइंट स्पायसर निघाला, साधा क्रॉस. वरच्या किंगपिनचं बेअरिंग मात्र कोरडं ठाक, रोलरवर गंजाचे ठिपके. खालचं तेलात बुडालेलं आणि ठणठणीत. चाळीसच्या वेगाला स्टेअरिंग जे थरथरायचं, त्याचं मूळ तिथे सापडलं.

डावी बाजू खोलली, तर तिथे बेंडिक्स! मागे कधीतरी एका बाजूचा शाफ्ट बदललेला असणार. तेलकट_हात, तुमचं ऐकून शाफ्ट अख्खा काढला. एकही गोळी पडली नाही.

दोन्ही बाजूंची आतली सीलं, बाहेरचे नमदे, वरची बेअरिंगं आणि उजव्या स्पिंडलचा बुश नवा. ब्रीदर काढून रॉकेलमध्ये ठेवला आणि त्याला रबरी नळी जोडून ती वर बॉनेटखाली नेली.

वंगणशास्त्री
वरचं बेअरिंग बसवण्याआधी हाताने ग्रीस भरलंत ना? गोळ्यातलं वंगण प्लगच्या भोकापर्यंतच असतं. वरच्या बेअरिंगला तेच पोचेल या भरवशावर राहू नये.

भोरचा_जीपवाला
हो काका. दोन्ही वरची बेअरिंगं तळहातावर दाबून भरली, मॅन्युअलमध्ये होतं तसं. बाबांच्या ट्रंकेत ते मॅन्युअल सापडलं. किंगपिनच्या शिमा (पातळ चकत्या) स्प्रिंग काट्याने ओढ मोजून लावल्या.

गोळ्यात लिथियम ईपी, नंबर ०. शिरवळ एमआयडीसीत मिळालं, एक किलो सुटं दिलं त्यांनी. त्यात दोन्ही बाजू झाल्या आणि थोडं उरलं. भोपळ्यात जीएल-५ चं ९०.

काल वरंध्याच्या खालच्या रस्त्याने साठ किलोमीटर जाऊन आलो. रात्री पुठ्ठा अंथरून गाडी त्यावर उभी केली. सकाळी उजवीकडे पुठ्ठा कोरडा. डावीकडे रुपयाएवढा ठिपका आहे, पण तो ग्रीसचा, जाड, नव्या नमद्यातून.

मीठमिरची
डाव्या गोळ्यावर नखाने चाचपून बघा, खड्डा लागेल.

तेलकट_हात
नवा नमदा बसायला वेळ घेतो. दोन-तीनशे किलोमीटरांनी सीलच्या रिंगचे बोल्ट पुन्हा बघा, पण ओढून घट्ट करू नका, नमदा चिरडतो. आणि चाकांना फ्री व्हील हब लावले असतील, तर महिन्यातून एकदा ते लॉक करून पाच-दहा किलोमीटर चालवा. हब मोकळे असले की शाफ्ट फिरत नाही, आणि शाफ्ट फिरला नाही तर गोळ्यातलं वंगण हलतच नाही.

भोरचा_जीपवाला
हब लावलेले नाहीत, शाफ्ट कायम फिरतो. बाबा लावू द्यायचे नाहीत.

वडापवाला
उरलेलं ग्रीस टाकू नका. पावसाळ्याआधी प्लग खोला आन बोट घालून बघा. भोरला आलो की गाडी बघायला येतो.

भोरचा_जीपवाला
या. आईने आत्ताच विचारलं, पिठलं-भाकरी चालेल का.